मालिकेचा लेखक निर्माता कसा होतो: पहिल्या सॅम्पल स्क्रिप्टपासून स्वतःच्या मालिकेपर्यंत

१९५६ साली रॉड सर्लिंग या अमेरिकन लेखकाने एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येवरून सुचलेलं एक टीव्ही नाटक लिहिलं. प्रायोजकांना ते झेपणारं नव्हतं. घटना अमेरिकेच्या दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडमध्ये नेली गेली, बळी पडणारा माणूस कुणीतरी परका झाला, आणि प्रसारणाची वेळ येईपर्यंत मूळ विषयाचा मागमूसही उरला नाही. सर्लिंगला तेव्हा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळालेला होता, नावही झालेलं होतं, तरी त्याला हे थांबवता आलं नाही. १९५९ मध्ये सीबीएस या वाहिनीवर 'द ट्वायलाइट झोन' ही मालिका सुरू झाली तेव्हा मात्र तो लेखकही होता आणि निर्माताही. मालिका त्याच्याच कंपनीतून बनत होती. १५६ भागांपैकी ९२ त्याने स्वतः लिहिले. जे थेट म्हणू दिलं जात नव्हतं, ते त्याने परग्रहावरच्या आणि भविष्यातल्या गोष्टींमधून सांगितलं.

मालिकालेखनात उतरू पाहणाऱ्यांना ही हकिगत आधी सांगावीशी वाटते, कारण निर्माता होणं म्हणजे बढती मिळणं असा समज फार पसरलेला आहे. कागदावर लिहिलेलं पडद्यावर तसंच पोचावं यासाठी जेवढं शिकावं लागतं, ते सगळं शिकत गेलेला लेखक म्हणजे निर्माता. हे शिक्षण पहिल्या स्क्रिप्टपासूनच सुरू करता येतं. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

आधी पाट्या वाचायला शिका

मालिकेच्या श्रेयनामावलीत 'निर्माता' हा शब्द अनेकदा येतो आणि दरवेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. लाइन प्रोड्यूसर पैसा आणि दिवस सांभाळतो. कुणी वाहिनीचा प्रतिनिधी असतो, कुणी भांडवल आणलेलं असतं. अमेरिकन पद्धतीत मात्र यातली बरीच नावं लेखकांची असतात. तिथे लेखकाची शिडी ठरलेली आहे: स्टाफ रायटर, स्टोरी एडिटर, एक्झिक्युटिव्ह स्टोरी एडिटर, को-प्रोड्यूसर, प्रोड्यूसर, सुपरवायझिंग प्रोड्यूसर, को-एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आणि शेवटी एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. ज्याला सगळे 'शोरनर' म्हणतात, म्हणजे मालिकेची सगळी सूत्रं ज्याच्या हाती असतात, तो याच शेवटच्या पायरीवरचा माणूस. गंमत अशी की 'शोरनर' ही पाटी पडद्यावर सहसा येत नाही. ते पद कामातून ओळखलं जातं.

सगळीकडे हीच घडी नाही. ब्रिटनमध्ये एकाच लेखकाने सहा-आठ भागांची अख्खी मालिका लिहिणं सर्रास चालतं, आणि त्याच्या जोडीला स्क्रिप्ट एडिटर असतो. डेन्मार्कच्या डीआर या सार्वजनिक वाहिनीने 'एक दृष्टी' हे तत्त्व ठरवून घेतलं: मालिका कुणाच्या डोक्यातून निघाली ते स्पष्ट हवं, आणि ते डोकं लेखकाचं हवं. रोजच्या मालिकांत कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी असते. तुम्ही ज्या उद्योगात शिरणार आहात तिथे शेवटचा शब्द कुणाचा असतो, हे पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या.

दहा भाग उलटे लिहून काढा

आवडत्या मालिकेचा एक भाग घ्या. घड्याळ, वही आणि पॉजचं बटण एवढं पुरे. प्रत्येक सीनसाठी एक ओळ लिहा: सीन किती मिनिटांचा, कुठे घडतो, कोण काय मिळवायला आलं होतं आणि जाताना काय बदललं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा राहिला तर एक तर तुमचं लक्ष चुकलं, नाहीतर लेखकाचं.

भाग संपला की वही मागे चाळा. मुख्य कथानकाला किती सीन मिळाले आणि उपकथानकाला किती? ब्रेकच्या आधी प्रेक्षकाला कशावर लटकवलं? जाहिराती वगळल्या तर तासाभराच्या नेटवर्क ड्रामात ४२ ते ४४ मिनिटंच हातात उरतात, आणि ती चार-पाच अंकांत वाटलेली असतात. ब्रेक नसलेल्या स्ट्रीमिंग मालिकेतही ती वळणं पुसट का होईना, सापडतात.

आणखी दोन रकाने जोडा, जे नवे लेखक कधीच जोडत नाहीत: या भागात एकूण लोकेशन किती, आणि बोलणारी पात्रं किती? एकाच मालिकेचे सलग दहा भाग असे काढले की दिसायला लागतं की अमुक तीन सेट सारखे परत येतात, महागडा भाग झाला की त्याच्या पाठीला एक स्वस्त भाग येतो, आणि तो स्वस्त भाग बरेचदा जास्त चांगला असतो.

सॅम्पल स्क्रिप्ट: नोकरी मागणारं कागदपत्र

मॅथ्यू वायनर या अमेरिकन लेखकाने 'मॅड मेन' या आपल्या मालिकेचा पहिला भाग २००० च्या सुमारास लिहिला. तेव्हा तो विकला गेला नाही. पण त्याच स्क्रिप्टच्या जोरावर त्याला 'द सोप्रानोज' या दुसऱ्या मालिकेच्या लेखकांत जागा मिळाली, आणि स्वतःची मालिका पडद्यावर यायला २००७ उजाडलं. पहिल्या स्क्रिप्टकडे असंच बघा. ती विकली जाईलच असं नाही. तुम्हाला लेखकांच्या कुठल्या खोलीत, म्हणजे सगळे लेखक मिळून मालिका रचतात तिथे, प्रवेश मिळतो ते ती ठरवते.

पायलटमध्ये, म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागात, सगळं जग, सगळी पात्रं, सगळा भूतकाळ कोंबायचा मोह होतो. आवरा. तासाभराच्या ड्रामाचा पायलट ५० ते ६० पानांचा असतो, आणि एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट हे गणित ठरलेल्या फॉरमॅटमध्येच जमतं. म्हणून फॉरमॅटशी खेळू नका. वाचणारा पहिल्या दहा पानांतच ठरवतो की पुढे वाचायचं की नाही.

मी कुठल्याही पायलटला एकच कसोटी लावेन: दहाव्या भागात काय होईल? उत्तरादाखल एखादी घटना सांगितली गेली तर काळजी वाटते. उत्तरात एक न संपणारी ओढाताण आली तर मालिका आहे. 'खुनी सापडतो' ही घटना झाली. 'सरकारी वकील असलेल्या बहिणीला दर आठवड्याला अशा माणसाविरुद्ध उभं राहावं लागतं, ज्याला तिचा भाऊ ओळखतो' हे इंजिन झालं. त्यातून दहावा भागही निघेल आणि चाळिसावाही.

एक स्क्रिप्ट पुरत नाही. कुणाला पहिली आवडली की लगेच विचारणा होते, 'आणखी काय आहे?' दुसरी तयार ठेवा, आणि ती पहिलीपेक्षा वेगळ्या जातीची असू द्या. त्याखेरीज चालू असलेल्या एखाद्या मालिकेचा भाग सरावासाठी लिहून बघा. दुसऱ्याची पात्रं त्यांच्याच आवाजात बोलवता येणं हे या धंद्यातलं निम्मं काम आहे.

आत शिरायचं दार बहुधा लहान असतं

डेव्हिड ई. केली बोस्टनमध्ये वकिली करत होता. त्याने लिहिलेली एक पटकथा योग्य हातात पडली आणि १९८६ मध्ये तो 'एल.ए. लॉ' या वकिलांवरच्या मालिकेच्या लेखकांत दाखल झाला. पुढे त्याच मालिकेचा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर झाला. कोर्ट त्याने आतून पाहिलेलं होतं. तुमचं आधीचं आयुष्य वाया गेलं असं समजू नका. नर्स, शिक्षक, बँकेतला कारकून, कुणीही असा, लेखकांच्या खोलीत इतरांना माहीत नसलेलं काहीतरी तुम्हाला माहीत असतं.

बहुतेकांना मात्र लहान दारातून वाकून शिरावं लागतं. रायटर्स असिस्टंट खोलीत बोललं गेलेलं सगळं टिपून घेतो आणि संध्याकाळी त्यातून कामाचं तेवढं वेगळं काढून सगळ्यांना पाठवतो. स्क्रिप्ट कोऑर्डिनेटर पानं, आवृत्त्या, पात्रांची नावं, कन्टिन्युइटी (आधीच्या भागांशी मेळ) यांवर नजर ठेवतो. ही कामं हलकी मानली जातात. मला ती या व्यवसायातली सर्वांत चांगली शाळा वाटतात. गोष्ट कशी फसते आणि कशी दुरुस्त होते, हे दुसरीकडे कुठे पैसे घेऊन बघायला मिळणार?

रोजच्या मालिकेला नाक मुरडू नका. सॅली वेनराइट या ब्रिटिश लेखिकेने 'कोरोनेशन स्ट्रीट' या वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेसाठी अनेक वर्षं लिहिलं आणि मगच स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिका उभ्या केल्या. रोजच्या मालिकेत सुचण्याची वाट बघायला वेळ नसतो. वनलाइन, म्हणजे भागाचा थोडक्यात आराखडा, आज मंजूर झाली की सीन उद्या लागतात, आणि आधीच शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आली असेल तर आज रात्रीच. प्रेक्षकही लगेच हिशेब मागतो. १९८४ मध्ये दूरदर्शनवर आलेली मनोहर श्याम जोशींची 'हम लोग' सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या संदेशाने इतकी भरलेली होती की लोक रमेनात. पहिल्या तेरा भागांनंतर संदेश मागे सरला, माणसांची भांडणं आणि माया पुढे आली, आणि मालिका घराघरात पोचली. आपल्याला काय सांगायचं आहे यापेक्षा लोक कुणाची वाट बघतात हे कळणं, ते तिथे शिकायला मिळतं.

लेखकांच्या खोलीत

खोलीत बसून भाग 'तोडायचा' असतो. म्हणजे फळ्यावर किंवा कार्डांवर सीन लावत, हलवत, फाडत त्याचा सांगाडा उभा करायचा. मग आउटलाइन, पहिला ड्राफ्ट, सूचना, दुसरा ड्राफ्ट, आणि शेवटी शोरनरचा हात.

इथे तीन सवयी लावून घ्या. 'हे नाही जमत' एवढंच म्हणून थांबू नका, बदली काहीतरी टेबलावर ठेवा. सुचलेलं थोडक्यात सांगा. कुणी उचललं नाही तर सोडून द्या, तासाभराने तेच पुन्हा पुढे करू नका. आणि तुमचा ड्राफ्ट दुसऱ्याने फिरवला तर त्याची आणि तुमची प्रत शेजारी ठेवून ओळन् ओळ ताडून बघा. हे दुखतं, पहिल्या वेळी तर फारच. पण शोरनरला मालिका एका आवाजात बोलायला हवी असते. त्याने काय ठेवलं आणि काय काढलं, यातून तो आवाज जितका कळतो तितका कुठल्याही कार्यशाळेत कळत नाही.

सीन वाचायचा तर खर्चासकट

लेखक इथेच निर्माता व्हायला लागतो, म्हणून इथे जरा रेंगाळू.

शूटिंगच्या भाषेत स्क्रिप्टचं पान आठ भागांत मोजतात. सव्वा पानाचा सीन म्हणजे एक पूर्णांक दोन अष्टमांश पानं. साधारण ड्रामाचं युनिट दिवसाला पाच ते आठ पानं उरकतं. एक तासाच्या भागाला आठेक दिवस मिळत असतील, तर तुमच्या साठ पानांना जागा आहे, पण श्वास घ्यायला फारशी उसंत नाही. आता प्रत्येक सीनचं ब्रेकडाउन करा: जागा, दिवस की रात्र, आत की बाहेर, बोलणारी पात्रं, गर्दी, वाहनं, पाऊस, मारामारी, लहान मूल, प्राणी.

एक सीन घेऊन बघू. रात्र. भर पावसात रेल्वे स्टेशनवर गर्दी. बहीण भावाला शोधत धावते. गाडी सुटते. ती त्याला खिडकीत बघते, ओरडते, गाडी निघून जाते. कागदावर हा अर्ध्या पानाचा सीन आहे. शूटला तो अख्खी रात्र खाईल: स्टेशनची परवानगी, गाडी, पावसाचे टँकर, शे-दीडशे माणसं, आणि रात्रभर जागलेलं युनिट दुसऱ्या दिवशी उशिरा कामाला लागणार ते वेगळंच.

आता विचारा, या सीनमध्ये मला खरंच काय हवं आहे? भाऊ गेला आणि ती पोचू शकली नाही. मग हे वेटिंग रूममध्ये घडू द्या. ती आत येते तेव्हा बाकावर त्याची बॅग आहे, तो नाही. बाहेर गाडी सुटल्याची घोषणा ऐकू येते. ती बॅग उघडते. आत तिने पाठवलेली पत्रं आहेत, त्यातलं एकही फोडलेलं नाही. दोन बोलणारी पात्रंसुद्धा लागली नाहीत, आणि सीनला एक नवा घाव मिळाला जो पहिल्यात नव्हता.

प्रत्येक वेळी असं स्वस्तात जमेल असं मात्र नाही, आणि जमवूही नये. संपूर्ण सीझनमध्ये एखादा सीन असा असतो की तो पूर्ण आकारात दिसायलाच हवा. त्याच्यासाठी पैसे कुठून येणार, हे लेखकानेच शोधून ठेवलं तर तो सीन वाचतो. म्हणजे दोन सीन एकाच लोकेशनवर आणा, कारण युनिट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवण्यात अर्धा दिवस सहज जातो. रात्रीचा सीन दिवसा चालेल का ते बघा. दारात येऊन एकच वाक्य बोलणाऱ्या पात्राचं वाक्य काढा. बोललं की ते पात्र कलाकार होतं आणि मानधन बदलतं. मुलांच्या कामाच्या तासांवर बहुतेक ठिकाणी कायद्याची मर्यादा असते, तेव्हा मुलाचे सीन एकत्र बांधा. अख्खा भाग उभ्या असलेल्या सेटवर, मोजक्या पात्रांत लिहा. त्याला बॉटल एपिसोड म्हणतात, आणि चांगल्या लेखकाला त्यात पात्रांच्या अंतरंगात उतरायची संधी मिळते.

लाइन प्रोड्यूसर 'हे काप' म्हणायच्या आधी तुम्ही 'हे मी असं बदललंय, त्या बदल्यात ते राहू द्या' म्हणालात की लेखक म्हणून तुमचं वजन वाढतं. आपल्या गोष्टीतलं काय जाऊ द्यायचं ते आपण ठरवलं नाही, तर ते कॉलशीट, म्हणजे शूटिंगच्या दिवसाचं वेळापत्रक, ठरवते.

सेटवर आणि एडिट टेबलावर

आपल्या भागाच्या शूटला जायची संधी मिळाली तर काहीही करून जा. त्याआधी टोन मीटिंग होते. दिग्दर्शक आणि लेखक-निर्माता सीन-सीन घेऊन बसतात: हा सीन विनोदी आहे का, इथे ती खोटं बोलतेय हे प्रेक्षकाला कळू द्यायचं का, हे वाक्य पुढच्या तीन भागांत कशाला लागणार आहे. तिथे बोललं गेलं नाही ते सेटवर ओरडून सांगता येत नाही.

सेटवर लेखकाने कलाकाराला थेट सूचना देऊ नये. जे सांगायचं ते दिग्दर्शकाच्या कानात. कलाकार एखाद्या वाक्यावर सारखा अडखळत असेल तर बहुधा वाक्यच चुकलेलं असतं. तिथल्या तिथे सोपं करून द्या. बदललेली पानं वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर निघतात, पांढऱ्यानंतर निळा, मग गुलाबी, मग पिवळा, म्हणजे कुणाच्या हातात जुनी प्रत राहू नये. हा रंगांचा क्रम सांभाळणं क्षुल्लक वाटतं, पण जुन्या पानावर शूट झालेला एक सीन पूर्ण दिवसावर पाणी फिरवतो.

एडिटमध्ये लेखकाला दोनदा धक्का बसतो. पहिला, आपले आवडते संवाद लागतच नाहीत, कारण कलाकाराच्या चेहऱ्याने ते आधीच सांगितलेलं असतं. दुसरा, सीन तिसऱ्या वाक्यापासून सुरू केला तर जास्त चांगला चालतो. हे दोन्ही धक्के वहीत लिहून ठेवा आणि पुढचा भाग लिहिताना वही समोर ठेवा.

वाहिनीच्या सूचना

'नायिका थोडी सकारात्मक करा' अशी सूचना आली की संताप येतो. आधी झोप घ्या, उत्तर दुसऱ्या दिवशी द्या. सूचनेत सुचवलेला उपाय बरेचदा चुकीचा असतो, पण कुठेतरी काहीतरी टोचलं हे खरं असतं. नायिका नकारात्मक वाटते म्हणजे बहुधा तिला काय हवं आहे ते उशिरा कळतं. मग तो सीन पुढे आणा, ती होती तशीच राहू द्या. ज्या दोन-तीन गोष्टींवर मालिका उभी आहे, त्यांच्यासाठी मात्र भांडा. सगळ्याच सूचनांवर भांडणाऱ्याचं त्या दोन-तीन वेळी कुणी ऐकत नाही.

स्वतःची मालिका मांडताना

पिच, म्हणजे मालिकेची तोंडी मांडणी, पंधरा-वीस मिनिटांची ठेवा. सुरुवात 'ही गोष्ट मीच का सांगायची' इथून करा, मग जग, पात्रं, पहिला भाग, सीझनचा प्रवास आणि पुढच्या सीझनची दिशा. सोबतचं बायबल, म्हणजे मालिकेचं जग आणि पात्रं सांगणारा दस्तऐवज, दहा-पंधरा पानांत आटोपलं तरी चालतं.

करार वाचताना घाई करू नका, आणि मनोरंजनक्षेत्रातला वकील गाठल्याशिवाय सही करू नका. हे मुद्दे लेखी हवेत: ऑप्शन (ठरावीक मुदतीसाठी राखून ठेवलेला हक्क) किती महिन्यांचं आणि मुदत संपल्यावर हक्क परत येतात का, 'निर्मिती-संकल्पना' हे श्रेय कुणाचं, ठरलेल्या रकमेत किती ड्राफ्ट बसतात, मालिका दुसऱ्या भाषेत गेली तर काय मिळणार, आणि मधेच तुम्हाला बाजूला केलं तर नाव आणि मानधन यांचं काय. तोंडी आश्वासन देणारा माणूस प्रामाणिक असला तरी उद्या तो त्या खुर्चीत असेलच असं नाही.

लेखकांच्या संघटनेचं सभासदत्व घ्या. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या रायटर्स गिल्डचा संप १४८ दिवस चालला. त्यातून लेखकांच्या खोलीत किमान किती लेखक हवेत याचे नियम निघाले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर लेखकाचं साहित्य म्हणून धरला जाणार नाही हेही कलमात आलं. एकट्या लेखकाला हे मागून मिळालं नसतं.

मालिका चालवताना

शोरनरच्या टेबलावर एकाच वेळी पाच-सहा भाग वेगवेगळ्या अवस्थेत असतात: एक खोलीत तोडला जातोय, एक आउटलाइनला, एकाचा ड्राफ्ट आलाय, एकाची पूर्वतयारी चालू, एक शूटला, एक एडिटमध्ये. यातला शूटचा भाग सगळ्यांत जास्त आरडाओरडा करतो, म्हणून सगळा वेळ तोच खातो. खरा धोका खोलीत असतो. तिथे उशीर झाला की सहा आठवड्यांनी सेट रिकामा उभा राहतो. दिवसाचे पहिले तीन तास खोलीसाठी राखा आणि त्या वेळेत फोन बाहेर ठेवा.

माणसं निवडताना स्वतःसारखी निवडू नका. तुम्हाला कथानक जमतं तर संवादाचा कान असलेला लेखक शोधा, आणि खोलीत असा एक तरी माणूस हवाच जो तुम्हाला बिनदिक्कत 'हे आपण चौथ्या भागात केलंय' म्हणेल. नव्या लेखकाला सेटवर पाठवायला बजेट नाही असं सांगितलं जाईल. तरी पाठवा. तुमच्या अनुपस्थितीत दिग्दर्शकाच्या कानात काय सांगायचं, हे त्याला याच सीझनमध्ये शिकावं लागणार आहे, कारण पुढच्या सीझनमध्ये दोन युनिटं एकदम चालतील तेव्हा तुम्ही एकाच सेटवर असणार.